तीन रात्री, चार दिवस, द्वादशी धरून

जहाज सुटण्याआधीचा सुरक्षेचा सराव होता; सगळ्यांनी लाइफ जॅकेट घालून नुसतं उभं राहायचं होतं. चंद्रमौळींनी आपल्या जॅकेटची शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात वाजवली. डेकवरची पन्नासेक माणसं वळून बघू लागली.

"अय्यो, कशाला म्हणून वाजवली?" त्यांची बायको कनका पुटपुटली.

"वाजते की नाही बघितलं. एवढ्या स्वस्तात वाजणारी शिट्टी देतील असं वाटलं नव्हतं."

चौतीस वर्षं बँकेत काढून, त्यातली शेवटची अकरा दक्षता विभागात, चंद्रमौळी निवृत्त झाले होते. त्यांना बँकेने शाल आणि घड्याळ दिलं. त्यांच्या संशयाला कुणी निरोप दिला नव्हता. चेन्नई ते श्रीलंका आणि परत, तीन रात्री, चार दिवस, तिन्ही वेळचं जेवण, आणि भाडं पेरुंगुडीच्या घराहून तंजावरला टॅक्सीने जाऊन येण्याइतकं. यात काहीतरी होतंच. केबिनला खिडकी नव्हती, हे त्यापैकी एक. पण तेवढ्याने हिशेब बसत नव्हता.

तिकिटं सुनेने काढली होती. "मामंजी, ऑफर आहे, जाऊन या," असं शरण्या म्हणाली. त्यांच्या तंजावरी मराठी घरात एरवी तमिळ किंवा इंग्रजी बोलणाऱ्या सुनेचं सहा वर्षांतलं हे सर्वांत लांब मराठी वाक्य होतं. चंद्रमौळींनी ते लक्षात ठेवलं. श्रीवत्स त्याच आठवड्यात घरून काम करणार आहे, हेही. मुलाला आणि सुनेला चार दिवस रिकामं घर कशाला हवं असेल, याची तीन कारणं त्यांच्याकडे तयार होती आणि तिन्हींत घराचे कागद होते.

कनका मात्र ऐकल्याबरोबर "सेरी", म्हणजे बरं, म्हणाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. लग्न झाल्यापासून ती "सेरी"च म्हणत आली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणाच्या दालनात त्यांच्या टेबलावर चेन्नईच्याच नुंगंबाक्कमचे कृष्णस्वामी येऊन बसले. कपाळावर नाम, अंगात निळी चड्डी आणि पोपट छापलेला शर्ट. कनकाचं जेवण आधीच आटपलं होतं, ती केबिनमध्ये गेली होती. एवढे चाळीस पदार्थ समोर मांडलेले असताना कृष्णस्वामींच्या पुढ्यात फक्त पपईच्या चार फोडी होत्या. चंद्रमौळींनी आपला दहीभाताचा चमचा खाली ठेवला.

"जेवणात काही आहे का?" त्यांनी तमिळमध्ये हळूच विचारलं.

"जेवण फर्स्ट क्लास. माझी आज एकादशी."

"कुठली?"

"उतरत्या चंद्राची. सगळे पैसे आधीच घेतलेत हो या लोकांनी, नाहीतर उपवासाची सूट मागितली असती."

कृष्णस्वामी आपल्याच विनोदावर बराच वेळ हसले. चंद्रमौळींचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरत होता. आषाढ. वद्य एकादशी. म्हणजे उद्या द्वादशी.

उद्या आईचं श्राद्ध.

सव्वीस वर्षांत ते एकदाही चुकलं नव्हतं. भुवनेश्वरला बदली होती तेव्हासुद्धा ते रेल्वेत उभ्याने रात्र काढून घरी आले होते. तिथी पाठ होती. ती कोणत्या तारखेला पडते, तेवढं दरवर्षी कनका स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर बघून सांगायची. तिकिटं काढताना त्यांनी विचारलंही होतं. "लांब आहे अजून. ऑगस्टात," ती म्हणाली होती, आणि त्यांनी ते डायरीत शाईने लिहून ठेवलं होतं.

फोनला रेंज नव्हती. चारी बाजूंना समुद्र. केबिनपर्यंतच्या लांबलचक बोळात चंद्रमौळींनी शरण्यावर आरोपपत्र तयार केलं. दार उघडता उघडता ते वाचायला सुरुवात केली.

"अगे, उद्या द्वादशी! कळलं का? त्या पोरीने मुद्दाम केलंय हे. श्राद्धाला स्वयंपाकघर अडतं ना तिचं, म्हणून आपल्याला पाण्यात आणून सोडलं. कॅलेंडरची पानंसुद्धा तिनेच फाडली असतील."

कनका साडीची घडी घालत होती. तिने काठाला काठ जुळवला.

"तिला नका बोलू. तारीख मी दिली."

"कुठली तारीख?"

"जहाजाची. आणि तुम्हांला सांगितली ती ऑगस्टची, तीपण मीच."

चंद्रमौळी खुर्चीवर बसले. खुर्ची जमिनीला स्क्रूने बसवलेली होती.

"म्हणजे चूक नाही झाली?"

"नाही."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

त्यांनी खुर्ची मागे सरकवून पाहिली; ती जागची हलली नाही.

"म्हणून नाही विचारलं," कनका म्हणाली. तिने घडी पलंगावर ठेवली आणि तिच्यावर हात ठेवून बसली. "गेल्या वर्षी वडे तळताना मला चक्कर आली. कढई तापलेली. तशीच खाली बसले. किती वेळ, कळलं नाही. बाहेर तुमचे मंत्र चालले होते, ते ऐकू येत होते."

"हाक का नाही मारलीस?"

"सोवळ्यात होते. कुणी शिवलं असतं तर अस्कं, सगळंच, पुन्हा करायला लागलं असतं. आंघोळीपासून." ती थोडी हसली. "मग उठले. भटजी म्हणाले, यंदा वडे छान झालेत."

चंद्रमौळींना ते आठवलं. त्यांनीही दोन जास्त घेतले होते.

"झोपा आता," म्हणून तिने दिवा घालवला. खिडकी नसल्यामुळे तो अंधार पुरेपूर होता.

पहाटे ते आवाज न करता उठले. डेकवर कुणी नव्हतं, एक सुरक्षारक्षक सोडला तर.

"दक्षिण कुठली?"

"समोरच, सर. रात्रभर दक्षिणेलाच चाललोय."

पितरांची दिशा, तीही भाड्यात धरलेली. चंद्रमौळींनी टी-शर्टच्या आतून हात घालून जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. बाटलीतलं पाणी ओंजळीत घेऊन अंगठ्याच्या बाजूने तीनदा सोडलं. तीळ नव्हते, दर्भ नव्हते.

"सर, समुद्रात काही टाकायचं नाही."

"पाणी आहे."

रक्षकाने बाटली हातात घेतली, हुंगली आणि त्यांच्याकडे बराच वेळ बघून परत दिली. चंद्रमौळींना त्याचं काम पसंत पडलं.

ते केबिनमध्ये आले तेव्हा साडेसात झाले होते. कनका कुशीवर झोपली होती, तोंड किंचित उघडं. या वेळी तिला झोपलेलं त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांनी वाकून श्वास तपासला. चालू होता. ते खुर्चीवर बसून राहिले.

साडेआठला दारावर थाप पडली. चंद्रमौळींनी घाईने जाऊन दार बोटभर उघडलं. बाहेर कृष्णस्वामी, आज शर्टावर नारळाची झाडं.

"काय हो, बेट आलं! बसेस सुटतायत. चला, चला!"

"आम्ही येत नाही. आमच्याकडे आज श्राद्ध आहे."

"इथे?" कृष्णस्वामींनी फटीतून मान लांब केली. "आणि मामी?"

चंद्रमौळींनी दार आणखी थोडं ओढून घेतलं.

"सोवळ्यात आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "हाक मारायची नाही कुणी."