रुमालाखालचे चिंचोके

नांदेडहून आलेली ती पोरगी चेअरमनच्या गाडीतून उतरली, तेव्हाच रामलिंगच्या मनात पाल चुकचुकली.

वडजाई साखर कारखान्यात रामलिंग शेतकी अधिकारी होता. कोणाचा ऊस आधी तोडायचा नि कोणाचा मागून, हे लागवडीच्या तारखेवरून ठरायचं आणि त्या क्रमवारीखाली सही त्याची असायची. पण चेअरमन शेषेरावांचा फोन आला, "रामलिंगराव, उद्या टोळी आमच्या माणसाच्या फडात घाला," की क्रम गुंडाळून ऊसतोडीची टोळी तिकडे जायची. फोनवर कोणाची सही नसते, म्हणून गावोगाव शिव्या खायचा तो रामलिंग. गेल्या हंगामात सख्खा मेहुणा गुरुपादप्पा याच्या उसाला तुरे फुटून वजन घटलं तरी टोळी पोचली नाही. तेव्हापासून मेहुण्याने बोलणं टाकलं. बायको माहेरी एकटीच जाऊ लागली आणि परत आली की दोन दिवस घुम्यासारखी वागायची. हे रामलिंगला फार लागायचं.

आता क्रमवारीचं सॉफ्टवेअर होणार होतं. बुद्धप्रिया, म्हणजे ती पोरगी, कोणाला त्यात काय हवं ते विचारायला आली होती. ती एकेकाला वेगळं बोलवायची, दार लोटून घ्यायची आणि शांतपणे ऐकायची. दाराआड बोललेलं चेअरमनच्या कानावर कसं जातं, हे रामलिंगने पूर्वी भोगलं होतं.

"साहेब, क्रम मधेच कधी बदलतो का?" तिने विचारलं.

"न्हाई. कधीच न्हाई."

"मग शेतकरी तुमच्यावर का चिडतात?"

"लोकायला काय, कोणावर तरी चिडायचं असतंय."

"बरं. तुम्हाला स्वतःला काय हवंय?"

इतक्या नोकरीत हे त्याला कोणी विचारलं नव्हतं. त्याला एकच गोष्ट हवी होती. क्रम बदलला की बदलणाऱ्याचं नाव तिथल्या तिथं उमटावं, आणि ते ज्याचा ऊस मागे पडला त्याला मोबाईलवर दिसावं. शब्द अगदी ओठांवर आले, पण तेवढ्यात ती गाडी आठवली.

"रिपोर्ट रंगीत पाहिजेत," तो म्हणाला.

रंगीत रिपोर्ट ही हौस चेअरमनची होती. चार दिवसांनी अतिथिगृहात बैठक भरली, तेव्हा शेषेरावांनी तीच मागणी पहिली म्हणून सांगितली आणि टेबलाभोवतीच्या सगळ्या माना डोलल्या. संचालक केवळाबाई डोलल्या, वाहतुकीचा भागवत तर जरा जास्तच डोलला.

बुद्धप्रियाने लॅपटॉप मिटला आणि स्टीलचे तीन तांबे मांडून त्यांच्यावर मोठा रुमाल टाकला. "हंगामाआधी एकच काम पुरं होईल. कोणतं, ते तुम्हीच ठरवा," असं म्हणून तिने प्रत्येकाच्या हातावर मतं म्हणून पाच-पाच चिंचोके ठेवले. अडत बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरायचा, तोच प्रकार. पहिला तांब्या रंगीत रिपोर्टचा होता आणि दुसरा ट्रॅक्टर कुठे आहे ते कळण्याचा.

"तिसरा, क्रम बदलणाऱ्याचं नाव शेतकऱ्याला दिसण्याचा."

रामलिंगने चमकून तिच्याकडे बघितलं. आपण तर हे बोललोच नाही, मग हिला सांगितलं कोणी? हा चेअरमननेच टाकलेला गळ असणार. कोण गिळतो ते बघून राहिलेत. त्याची पाळी आली तेव्हा त्याने रुमालाखाली हात घातला आणि मुकाट पाचही चिंचोके पहिल्या तांब्यात सोडले.

बुद्धप्रियाने तांबे ओतले. पहिल्याचा ढीग लहान, दुसऱ्याचा त्याहून लहान आणि तिसऱ्याचे चिंचोके टेबलभर पसरले.

शेषेरावांचं हसू मावळलं. "कोणी टाकले हे?"

केवळाबाई पदराचा काठ बघत बसल्या.

"रुमाल त्यासाठीच होता, साहेब," बुद्धप्रिया म्हणाली. "मलाही माहीत नाही."

"मला नावं पाहिजेत. नावं कळल्याबिगर कोणी उठायचं न्हाई."

"ज्याला गरज, त्यानंच टाकले असतील की," भागवत पुटपुटला आणि रामलिंगकडे बघू लागला. मग सगळेच बघू लागले. ज्यांनी चिंचोके टाकले होते, तेही.

रामलिंगला संताप आला. त्यांचा आला, पण त्याहून जास्त स्वतःचा. खरं सांगितलं तर या क्षणी तो अगदी सहज सुटत होता.

"मी एक बी टाकला न्हाई, साहेब," तो म्हणाला. "पाचीच्या पाची तुमच्या रंगीत रिपोर्टात हायत. भ्यालो मी."

शेषेराव खुर्चीत सैलावले. "तेच म्हनलं, तुमी तसे न्हाईत."

रामलिंग उठला. लहान ढिगातले पाच चिंचोके त्याने एकेक करून वेचले, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत टेबलापलीकडे नेले आणि मोठ्या ढिगात ठेवले.

"नाव पाहिजे म्हनलात ना, हे घ्या. ताई, माझं पुरं नाव लिहा, आन् ते सगळ्यायला दिसू द्या. माझ्या मेहुण्याला बी दिसू द्या."