शिवेपर्यंत हातानं

सायकल मिळत नव्हती. साधी, बिनगिअरची, पाय जमिनीला टेकवत टेकवत चालवता येईल अशी एक सायकल. पण अख्ख्या भिवंडीत ती नव्हती.

संघरत्ना त्या वर्षी कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत वॉर्डात आयाची ड्युटी करता करताच आडवी झाली होती. जिवावरचं होतं ते फुफ्फुसांवर निभावलं. दिवाळी होऊन गेली तरी दुसऱ्या मजल्यावरच्या आपल्या खोलीत पोचायला तिला जिन्यात दोनदा बसावं लागे. डॉक्टर म्हणाले, रोज संध्याकाळी अर्धा तास सायकल चालवा. सावकाश, मजेत, कुठं पोचायचं नाही अशी. दम वाढला तर पुन्हा ड्युटीवर जाता येईल. नाहीतर मग जन्मभर पायरी-पायरीनंच.

बाजारातला दुकानदार म्हणाला, "मॅडम, पीछे से माल ही नहीं आ रहा. नाव लिहून जा, तीन महिन्यांनी फोन करतो." दुकानात एकच उभी होती, बावीस हजारांची, एकवीस गिअरची, रेड्यासारख्या मानेची. संघरत्नाला तिच्याकडं नुसतं बघूनच धाप लागली.

धाकटा भाऊ मिलिंद वळ गावातल्या एका गोडाऊनात कामाला होता. तो हसला. "ताई, आमच्याकडं सहाशे पडल्यात. पण एकीलाबी चेन न्हाय. चेनी कुठल्या तरी बंदरात अडकल्यात." विश्वास बसेना म्हणून तिला नेऊन दाखवलं त्यानं. पत्र्याच्या त्या उंच गोडाऊनात आकड्यांना नुसते सांगाडे टांगलेले, रांगेमागून रांग. चाकं नाहीत, चेन नाही, सीट नाही. वरचा मोठा पंखा फिरला की सगळे एकदम थोडेसे हलत आणि परत थांबत. संघरत्ना दाराशीच थबकली. वॉर्डात रात्रपाळीला चाळीस जण एका लयीत श्वास घ्यायचे, तसं तिला वाटलं. "चल बाहेर," ती म्हणाली.

शेवटी ती यादवदादांकडं गेली. लूमच्या खटखटाटाला भिंत लावून त्यांचं पंक्चरचं दुकान होतं, आणि विहारात वंदनेला बसतानाही त्यांच्या बोटांना ग्रीसचा वास असे.

"जय भीम, दादा. सायकल पायजे."

"जय भीम. संघे, नवरा माग, शोधून देतो. सायकल नको मागू."

"एकदा मागितला होता की. तो सेकंडहँड निघाला."

दादा पोट धरून हसले. मग गंभीर झाले. "ऐक. तुला रमतगमत चालवायची ना? मग गिअर नको, शॉकअप नको; ती नुसती वजनं. दांडा तिरपा पाहिजे, म्हणजे ओढणी अडकत न्हाय. सीटवर बसून चवडा टेकला पाहिजे. चाक उचलून फिरवायचं, डुलत असलं तर घ्यायची न्हाय. पेडल धरून आडवं हलवायचं, खुळखुळलं तर घ्यायची न्हाय. रंग बघायचा न्हाय. रंगाला भुलून पोरी फसतात."

"पण हाय कुठं?"

दादांनी हात पुसले. "एक हाय. दिघाशीकडं पाड्यावर. धाकल्या म्हणून होता, पडघ्याला मजुरीला जायचा. लेडीज सायकल घेतली होती त्यानं, बायकोलाही चालवता यावी म्हणून. सगळे चिडवायचे, बाप्याची लेडीज सायकल! मीच जुळवून दिलेली. एप्रिलात गेला. श्वास लागला तसा एकटाच सायकल मारत हॉस्पिटलात आला. परत गेली ती नुसती सायकल. कुणीतरी टेम्पोत घालून नेऊन दिली." ते जरा थांबले. "बॉडी न्हाय मिळाली घरच्यांना. तेव्हा कुणालाच मिळत न्हवती."

*

मिलिंदनं तिला मोटारसायकलवरून पाड्यापाशी सोडलं आणि तो टेम्पो बघायला पुढं पडघ्याला गेला. सायकल घेऊन तिनं डांबरी रस्त्यापर्यंत यायचं, असं ठरलं.

कुडाचं घर, सारवलेलं अंगण. सायकल ओट्याला टेकून उभी होती आणि तिच्याजवळ धाकल्याची म्हातारी आई हौसा पाठमोरी बसली होती. बायको सखी तिशीची, वाळलेली, पण डोळ्यांत धार असलेली. संघरत्नानं चाक उचलून फिरवलं. सरळ होतं. पेडल हलवलं. गच्च होतं. चवडा टेकत होता. जणू तिच्याच मापाची.

"सासूला विचारलंस ना?" तिनं सखीला हळूच विचारलं.

"इचारलं. ती सांजचं चाकाचा आवाज ऐकते. म्हणते, त्यो येतो नि बसतो. रोज भाताचा वाडगा वाढून ठेवते, मंग कुत्रं खातं." सखी खाली बघत म्हणाली, "लेकरांना वह्या पायजेत, बाय. म्या कं करू?"

तेवढ्यात म्हातारी स्वतःशीच गुणगुणली. आवाज बारीक, जात्यात दाणे टाकावेत तसा:

"दिस बुडाला बुडाला, झाडी झाली गं सावळी,
चाक वाजलं अंगनी, माझ्या बाळाची पावली."

पैसे मोजून घेतल्यावर, निघताना सखीनं बजावलं. "एक ऐक, बाय. मेल्या मान्साची चीज शिवेपर्यंत हातानं न्यायची. शिवेवरचा वाघदेवाचा दगड येईस्तवर बसायचं न्हाय. मानूस घर धरून असतो. हातानं नेली चीज तर त्याला कळतं की ही चालली. वर बसलीस तर त्याला वाटंल, आपल्यालाच न्यायला आलंय."

संघरत्नानं मान डोलावली. ती बाबासाहेबांना मानणाऱ्या घरात वाढलेली. भूतखेत, देवदेवस्की तिच्या आईनं कधी उंबऱ्याला शिवू दिली नव्हती. पण दुसऱ्याच्या दुःखाशी वाद घालायचा नाही, हेही त्याच आईनं शिकवलं होतं. ती सायकल हातात धरून निघाली.

पाड्यापुढं एक चढ होता. फार नाही, चांगल्या माणसाला बोलता बोलता संपेल एवढा. निम्म्यावर तिचा दम सुटला. छातीत कुणी मूठ आवळावी तसं झालं. मागं बघितलं, कुणी नव्हतं. सागाची पानं पडत होती. वाघदेवाचा शेंदरी दगड वर खिंडीत दिसत होता, शंभर पावलांवर.

आणि ती बसली.

पेडल मारल्याबरोबर सायकल अशी उचलली गेली की जणू मागून कुणी हात लावला. चढ संपला, दगड मागं गेला, रस्ता आला. डांबरीवर उतरल्यावर तिच्या लक्षात आलं, आपल्याला धाप लागलेली नाही.

*

पहिले आठ दिवस ती आनंदात न्हाऊन निघाली. रोज पाच वाजता खाली उतरावं, लूमच्या गल्ल्यांतून, तळ्याच्या कडेनं, बायपासच्या पुलावरून यावं. पुलाचा चढसुद्धा! मागून ट्रकवाले हॉर्न मारत आणि ती गाणं म्हणत चढे.

मग तिला ऐकू येऊ लागलं. तिचा श्वास जिथं संपायचा तिथं दुसरा सुरू व्हायचा. मानेच्या मागं, वीतभर अंतरावर. ती ओढी, तो सोडी. भीती वाटावी असं त्यात काही नव्हतं. झोपलेल्या लेकराला पाठीशी बांधल्यावर वाटतं, तसं काहीसं होतं. भीती नंतर आली.

यादवदादांनी हवा भरताना विचारलं, "मागचं टायर रोज बसतंय. कुणाला डबलसीट नेतेस?"

"कुणाला न्हाय."

"खोटं बोलू नको म्हाताऱ्याशी. कॅरिअर बघ, वाकलंय."

दुसऱ्या दिवशी हँडल आपोआप वळलं. तिला तळ्याकडं जायचं होतं. सायकल गेली बाजारातून, बोळातून, आणि तिच्याच हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाशी उभी राहिली. पेडल हलेना. फाटक बंद होतं. एप्रिलात इथंच रांग लागायची. माणसं बसून, टेकून, आडवी. संघरत्ना ह्याच फाटकातून ड्युटीला जायची, नजर जमिनीवर ठेवून. कारण वर बघितलं की कुणीतरी हात जोडायचं.

मागचा श्वास आता तुटक, घाबऱ्या लयीत चालला होता. कुणीतरी नंबर लागायची वाट बघावी तसा.

"धाकल्या," तिच्या तोंडून निघून गेलं. बोलली आणि स्वतःच चपापली.

श्वास थांबला. कान टवकारावेत तसा. मग पेडल मोकळं झालं.

त्या संध्याकाळी घरी आल्यावर ती जिन्यात दोनदा बसली. नेहमीसारखीच. तेव्हा तिला लख्ख कळलं: सायकलवर पूल चढणारी बाई जिन्यात अजून तिथंच होती. महिन्याभरात तिचा स्वतःचा दम तसूभरही वाढला नव्हता. जो होता तो उसना होता.

मिलिंदला तिनं सांगितलं. तो चिडला. "ताई, तू विहारात मुलांना शिकवतेस, भूत नसतं म्हणून!"

"नसतंच. शिकवते तेच खरं हाय."

"मंग?"

"मंग हा माणूस हाय, मिलिंद. ह्याला तो गेल्याचं कुणी सांगितलंच न्हाय."

चार दिवसांनी यादवदादांच्या दुकानात सखी येऊन बसली होती. संघरत्नाला बघून ती उठली नाही. नुसतं विचारलं, "शिवेच्या आधी बसलीस ना?"

संघरत्नाच्या मनात आलं, नाही म्हणावं. नाही म्हटलं असतं तर सायकल राहिली असती, पूल राहिला असता, कामाचा दाखला घ्यायला डॉक्टरांसमोर सायकलवरूनच गेली असती. बाजारात तर दुसरी सायकलही नव्हती.

"बसले," ती म्हणाली. "दम न्हवता."

"सासू सांजचं बसून ऱ्हाते. आवाज येत न्हाय म्हणते. आठ दिस अन्न घेतलं न्हाय तिनं. म्हणते, पोर वाट चुकला, मी जेवू कशी?" सखीच्या डोळ्यांतली धार आता ओली झाली. "सायकल परत नको मला. पैशे खर्चून गेले. त्याला तेवढा आणून दे. शिवेपासून घरापर्यंत हातानं. मधी बसायचं न्हाय, मधी टेकायचंबी न्हाय. आणि दुसऱ्यानं चालत न्हाय. ज्यानं नेला त्यानंच."

*

मिलिंदनं टेम्पोतून सायकल खिंडीत उतरवली. "मी धरतो ताई, तू नुसती हात लावून चाल."

"तू इथंच थांब."

ऊन उतरत होतं. खिंडीतून पाड्याकडं उतार होता, पण उतारावर सायकल पुढं ओढते आणि तिला थोपवायला चढापेक्षा जास्त दम लागतो, हे तिला दहा पावलांत कळलं. वाघदेवाच्या दगडाशी तिनं हँडल घट्ट धरलं आणि हळूच म्हणाली, "चल धाकल्या. घरी जायचं. नंबर लागून गेला तुझा."

मागं काही नव्हतं. श्वास नव्हता. तिचा एकटीचाच, फाटका. तीस पावलांवर छाती आवळली. कॅरिअर एवढं जड झालं होतं की मागचं चाक मातीत रुतत होतं. बसलं असतं तर? एक पाय टाकला असता आणि तो उसना श्वास लगेच आला असता; तो तिथंच होता, दातांमागं अडवून धरलेला, तिच्या एका इशाऱ्यासाठी. हे तिला पाठीच्या मणक्यात कळत होतं.

ती बसली नाही. एक पाऊल, मग उभं राहणं. टेकायचं नाही, उभं राहायला ना नव्हती. डोळ्यांपुढं काळे ठिपके आले. वॉर्डात ती दुसऱ्यांना सांगायची, नाकानं आत, ओठांनी बाहेर, मेणबत्ती विझवल्यासारखं. तसं तिनं केलं. एक पाऊल. मेणबत्ती. एक पाऊल. मागं सागाच्या पानांवर दुसरी पावलं वाजत होती, अनवाणी, तिच्याइतकीच सावकाश. तिनं वळून बघितलं नाही. वळायला दम लागतो.

पाड्यातली कुत्री उठली आणि न भुंकता बाजूला झाली. अंगणाच्या कडेशी चाक सारवणावर चढलं तेव्हा हौसा ओट्यावरून उठली. तिनं संघरत्नाकडं पाहिलंच नाही. तिच्या खांद्यावरून, जरा वर, उंच माणसाच्या तोंडाकडं बघावं तसं बघितलं.

"किती येळ लावलास रं," ती म्हणाली. "भात निवला."

संघरत्नाच्या हातातली सायकल हलकी झाली. एवढी हलकी की तिचा मागं तोल गेला आणि सखीनं तिला सावरलं. घरात, अंधाऱ्या कोनाड्याकडं, कुणीतरी दमून खाली बसल्यासारखा लांब श्वास सुटला. मग काहीच नाही. म्हातारीनं दोन वाडगे घेतले. एकातलं जेवू लागली.

सखीनं पाणी दिलं. "घेऊन जा आता," सखी म्हणाली. "आता ती नुसती सायकल हाय."

संघरत्ना पुन्हा उठली. पुन्हा तोच रस्ता, या वेळी चढ. ती हातानं नेत होती, थांबत होती; मिलिंद वर दगडाशी येरझाऱ्या घालत होता पण खाली आला नाही. दगड ओलांडला, तेव्हा दिवस मावळला होता. ती सीटवर बसली.

सायकल जड होती. जुनी, लोखंडाची, पेडल मारावं तेवढीच जाणारी. पहिल्या विजेच्या खांबापर्यंत ठीक गेलं. दुसऱ्याला छाती बोलू लागली. मानेमागं वीतभर रिकामं होतं, आणि तिला त्याची आठवण झाली. ज्याचं तोंडही कधी बघितलं नाही त्याची. तिसऱ्या खांबाशी ती उतरली. हँडलवर वाकून उभी राहिली. मेणबत्ती विझवली, पुन्हा विझवली.

"बस टेम्पोत, ताई," टेम्पोतून मागोमाग आलेला मिलिंद काकुळतीला येऊन म्हणाला.

तिनं बोटानं दाखवलं, थांब. बोलण्यापुरता श्वास जमल्यावर म्हणाली, "चौथ्या खांबाला बसते."