गाडी माझ्या नावावर आहे

गाडी विकायची असं ठरवलं तेव्हा मी घरातल्या कोणाला विचारलं नाही. विचारायचं कारणच नव्हतं. गाडी माझ्या खाणावळीच्या कमाईतून घेतलेली, माझ्या नावावरची, आणि पहिल्या दिवसापासून मीच चालवलेली. माझा नवरा गुरुदास बोटीवर असतो. त्याला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "तुका बरां दिसता ता कर." विषय संपला. कुडाळ स्टेशनवरून पर्यटक आणायला मला मोठी गाडी हवी होती, एवढंच.

हे पचलं नाही ते भावोजींना. भावोजी म्हणजे गुरुदासचे थोरले भाऊ भिकाजी. आमच्या कुंपणापलीकडे राहतात. माझ्या गाडीला ते चारचौघांत "आमची गाडी" म्हणतात. पेट्रोल भरायची वेळ आली की मात्र ती माझी होते.

"बाईमानसान असले व्यवहार करूचे नसतत गो नर्मदा," ते म्हणाले. "लोक फसवतत."

"पुरुषांकय फसवतत भावोजी," मी म्हटलं आणि त्याच दुपारी मोबाईलवर जाहिरात टाकली.

टाकली आणि फोनांचा सुकाळ झाला. एकाने सांगितलं, तो सैन्यात आहे, गाडी न बघताच त्याला पसंत आहे, पैसे लगेच पाठवतो, मी फक्त तो काळा-पांढरा चौकोन स्कॅन करून पिन टाकायचा. मी म्हटलं, "बाबा रे, पिन पैसे देताना लागतो, घेताना नाही. मासे विकणारी बाई पैसे घ्यायला आपली पिशवी गिऱ्हाइकाच्या हातात देते काय?" त्याने फोन आपटला. दुसऱ्याला आरसी बुक आणि आधारकार्डाचे फोटो हवे होते, नुसते बघायला. त्याला म्हटलं, बघायचंच असेल तर मालवणात ये, गाडीही दिसेल आणि मीही दिसेन. तो काही आला नाही.

माझी अट एकच होती. पैसे माझ्या खात्यात पडलेले मी बघणार, मग घेणाऱ्याबरोबर ओरोसला आरटीओत जाणार, नाव बदलायचा अर्ज माझ्या डोळ्यांदेखत दाखल होणार, आणि मगच चावी. ही अट मी हवेतून काढली नव्हती. शेजारच्या गावातल्या महादूने कोऱ्या फॉर्मवर सह्या करून गाडी देऊन टाकली होती. घेणाऱ्याने नाव बदललंच नाही. पुढे ती गाडी गोव्याची दारू भरून येताना नाक्यावर पकडली गेली. चालवणारा पळाला आणि कागदावर मालक राहिला महादू, ज्याने आयुष्यात कधी थेंब घेतला नाही. काजूची बाग सोडून बिचारा चौकशीला खेटे घालत बसला. गाडी जाते, पण नाव आपलंच राहतं, आणि नाव धुऊन द्यायला कोणी येत नाही.

अट ऐकून दोन गिऱ्हाइकं गेली. भावोजींना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मग एके सकाळी ते स्वतःच एका माणसाला घेऊन आले.

"हो प्रीतम. कुडाळचो. माका बाजारात भेटलो. माणूस आपलो आसा," ते म्हणाले.

प्रीतम तिशीतला, नीटनेटका. आल्या आल्या माझ्या पाया पडला. "माझी आये जामसंड्याची," तो म्हणाला. "तुमच्याच वाडीतली. तुमच्या बाबांच्या दुकानात शिवलेले कपडे घातल्यान तिना. म्हणजे तुमी माझी मावशीच."

जामसंडे माझं माहेर. बाबांचं शिलाईचं दुकान बंद होऊनही जमाना झाला. खोटं कशाला बोलू, माझा जीव सुपाएवढा झाला. मी त्याला जेवायलाच बसवलं. बांगड्याचं तिखलं वाढलं, वर आग्रह करून भात घातला. तो मावशी मावशी करत जेवला. भावोजी शेजारी बसून मिशीत हसत होते, जणू तो मासा त्यांनीच गळाला लावला होता.

जेवण झाल्यावर त्याने मोबाईल पुढे केला. त्यावर हिरवी खूण आणि पैसे पाठवल्याचा मजकूर. मी माझा मोबाईल बघितला. माझ्या बँकेचा निरोप नव्हता.

"सर्व्हर डाऊन आसा मावशे. सांजेपर्यंत पडतले."

"मग सांजेपर्यंत थांब. चाय करतंय."

त्याने पिशवीतून फॉर्म काढले. मी सही कुठे करायची तिथे पेन्सिलीने फुल्या मारून ठेवल्या होत्या. माझं नाव, गाडीचा नंबर, सगळं भरलेलं. घेणाऱ्याच्या नावाची जागा तेवढी कोरी.

"हय तुझा नाव खंय आसा?"

"ता मी मागीर भरतंय."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो उठून अंगणात गेला आणि परत आला तो डोळे पुसतच. आईच्या छातीत दुखतंय. कुडाळच्या डॉक्टरांनी सांगितलं, ताबडतोब बांबोळीला न्या. आमच्या जिल्ह्यात बांबोळी म्हटलं की पुढे कोणी काही विचारत नाही. गोव्यातल्या त्या इस्पितळात आमच्यातल्या प्रत्येक घरातलं कोणी ना कोणी गेलेलं असतं. काही जण परत आलेले असतात, काही नसतात.

"मावशे, चावी द्या. सही करा. आयेक न्हेवची आसा," तो हात जोडून म्हणाला.

मी थबकले. भावोजी तटकन उठले. "थंय बाई मरता आणि तू कागद बघतस? लाज नाय तुका? दी ती चावी!" त्यांचा आवाज ऐकून दुसऱ्या बाजूची शेजारीण सत्यवती कुंपणाशी आली. तीही म्हणाली, "दी गो नर्मदे. माणसापेक्षा गाडी मोठी काय?"

मला लाज वाटली. खरंच वाटली. आणि त्या लाजेचा राग आला, कारण चावी माझ्या कमरेला होती आणि ती कोणी काढून घ्यायची ते बाकीचे तिघे ठरवत होते. तो लबाड आहे हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. आई खरीच आजारी असेल, असंही मनात आलं. आजारी असेल तर तिला गाडी लागणार. माझी सही तिच्या कसल्या कामाची?

"मी खंय नाय म्हणतंय?" मी म्हटलं. "चला. मीच न्हेतंय तिका बांबोळीक."

प्रीतम गडबडला. "तुमी कित्याक तरास घेतास मावशे? मी चालवतंय मा."

"मावशी म्हणतस मा? मग तुझी आये माझी भईण. भईणीक न्हेवक तरास कसलो? डोळ्यांत पाणी घेवन गाडी चालवू नको तू. बस." मी उशी घेतली, चादर घेतली, थर्मासमध्ये पेज भरली. "भावोजी, तुमीय चला. माणूस तुमचो आसा. म्हातारीक उचलूक दोघे लागतले."

भावोजी वहाणा घालून मागच्या सीटवर बसले.

कुडाळच्या वाटेवरचं चौके गाव गेलं. प्रीतम माझ्या शेजारी मांडीवर पिशवी धरून बसला होता. मी मावशीला शोभतील असे प्रश्न विचारत होते. आईचं नाव काय, जामसंड्यात घर कोणाच्या मागे, लग्न कोणत्या साली झालं? नाव त्याने सांगितलं, सत्यभामा. घर देवळामागे म्हणाला. जामसंड्यात देवळं किती ते मी विचारलं नाही. धामापूरच्या पुढे त्याचा फोन वाजला. निदान त्याने कानाला तरी लावला.

"मावशे, आयेक शेजाऱ्यांनी दुसऱ्या गाडयेन न्हेली. तुमी परत फिरा. माका हयच सोडा."

"असा कसा सोडू? आपण थेट बांबोळीकच जावया. तू थंय एकटो काय करतलस?"

मागच्या सीटवर भावोजी पुढे सरकून बसले होते. आरशात मला त्यांचा चेहरा दिसला. ते प्रीतमच्या मानेकडे बघत होते.

नेरूर गेलं, कुडाळ आलं. बाजाराच्या तोंडाशी प्रीतम म्हणाला, "जरा थांबा, आयेची गोळी घेवन येतंय." मी थांबले. तो औषधांच्या दुकानात शिरला, दुकानाच्या दुसऱ्या दाराने बाहेर पडला आणि गर्दीत दिसेनासा झाला. मी काचेतून सगळं बघितलं. त्याची पिशवी गाडीतच राहिली.

"येतलो तो," भावोजी म्हणाले. "गर्दी आसा."

त्यांनी फोन लावला. बंद. परत लावला. बंद. मी पिशवी उघडली. आत तसलेच आणखी फॉर्म होते, वेगवेगळ्या गाड्यांचे, आणि प्रत्येकावर घेणाऱ्याची जागा कोरी. सह्या केलेले दोन होते. एक सावंतवाडीच्या बाईचा, एक कणकवलीच्या म्हाताऱ्या मास्तरांचा.

मी ते मागे भावोजींच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावून वाचले. मग चष्मा काढला.

"जामसंड्याचा माझ्याच तोंडातसून गेला," ते हळू म्हणाले. "तुझ्या बापाशीचा दुकान, तुझा माहेर, सगळा. चाय पिताना इचारल्यान आणि मी सांगत गेलंय. माका वाटला, केदो चौकस पोरगो."

मी गाडी सुरू केली.

"आता घराक चल," ते म्हणाले. "आमचा काय गेला? गाडी आसा, चावी आसा. दर जमलो नाय म्हणान सांगूया. उगाच बोभाटो कशाक?"

"आमचा गेला नाय. पण ह्या दोघांचा गेला. आणि उद्या तो आणखी खंयच्या तरी मावशेच्या पाया पडतलो."

"लोक माका हसतले गो."

"हसूंदेत. मघाशी सत्यवतीसमोर तुमी माझी लाज काढलास, तेव्हा मी मेलंय काय?"

असं मी त्यांना कधी बोलले नव्हते. बोलले आणि बरं वाटलं, आणि त्याची खंतही वाटली नाही. गाडी मी पोलीस ठाण्यासमोर लावली. पिशवी उचलली आणि आत गेले. भावोजी मागून आले, दोन पावलं अंतर ठेवून.

टेबलामागच्या हवालदारांनी पिशवीतले कागद चाळले आणि ताठ बसले. त्यांनी दुसऱ्याला हाक मारून ते दोन सह्या केलेले फॉर्म दाखवले. मग कोरा कागद पुढे ओढला आणि माझ्या डोक्यावरून भावोजींकडे बघितलं.

"काका, गाडी तुमची ना? तुम्ही सांगा, मी लिहून घेतो."

मी मागे वळून बघितलं नाही. चारचौघांत भावोजी या प्रश्नाला काय उत्तर देतात ते मला पाठ होतं. मग घसा खाकरल्याचा आवाज आला.

"गाडी माझी नाही साहेब," ते म्हणाले. "हिची आहे. त्या माणसाला घरात आणला तो मी. हिने त्याला ओळखला. हिला विचारा."

हवालदारांनी माझ्याकडे बघितलं. मी खुर्ची पुढे ओढली आणि बसले.

"लिहा," मी म्हटलं. "नर्मदा गुरुदास परब. गाडीची मालक."