मातामायचं ओलं वस्त्र

नदीच्या रेतीत त्या सांजेला पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस विकून झालेला, शिमगा उरकलेला, हाताला फारसं काम नाही, अशा दिवसांत कवठाडीचा वसंत मेळा भरायचा आणि समुद्रपूरपासून जामपर्यंतची माणसं बैलगाडीत, सायकलीवर, मिळेल त्या एस.टी.ला लोंबकळत यायची. तालुक्याच्या नावात समुद्र असला तरी काठ म्हणायचा तो वणा नदीचाच. चैत्रात तिचं पाणी एका कडेला सरकायचं आणि उरलेली सारी रेती लोकांना मोकळी व्हायची. तिथे पेट्रोमॅक्स लागायचे, पाळणे फिरायचे, पहिल्या सांजेला भजनं व्हायची आणि तिसऱ्या सांजेला दंडार, म्हणजे गावच्याच माणसांनी सोंगं घेऊन केलेलं नाचगाण्याचं नाटक. आणीबाणी उठून वर्ष झालं होतं, लोकांना मोठ्याने बोलायची पुन्हा सवय लागली होती, आणि मेळ्याला कधी नव्हे एवढी गर्दी होती.

त्या वर्षी पहिल्यांदाच बायकांचं खंजिरी भजन ठेवलं होतं. चौघीजणी मंचावर चढल्या. पुढे होती कोकिळा, गावच्या बालवाडीची शिक्षिका. नवऱ्याने तिला लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी माहेरी आणून सोडलं होतं, आणि गाव तिला तेव्हापासून दोन नावांनी ओळखत होतं. पोरं म्हणायची बाई. मोठी माणसं म्हणायची टाकलेली. दोन्ही नावं ती ऐकून घ्यायची आणि दुसऱ्या नावाला उत्तर द्यायची नाही.

तिने खंजिरी उचलली, डोळे मिटले आणि पहिली थाप मारली.

आवाजच निघाला नाही. कडेच्या पितळी चकत्या तेवढ्या खुळखुळल्या. कातड्याने नुसतं थप्प केलं, भिजल्या पोत्यावर हात मारावा तसं. तिने पुन्हा थाप मारली. मागच्या तिघींनी मारून पाहिली. चार खंजिऱ्या, चारही मुक्या. थोड्या वेळापूर्वी याच मंचावर बंडूजींच्या पुरुष मंडळाने रेती दणाणून सोडली होती, त्यामुळे हा मुकेपणा जास्तच कानात भरला. पुढच्या रांगेतल्या म्हाताऱ्या एकमेकींकडे बघू लागल्या.

आणि मग चिमटेबाबा उठले.

हे महाराज दिवाळीनंतर जामच्या फाट्यावर एका ट्रकमधून उतरले होते. कुठून आले ते कोणी विचारलं नाही. हातात लोखंडी चिमटा, अंगाला राख आणि तोंडात हिंदी एवढ्या भांडवलावर त्यांनी नदीकाठच्या मातामायच्या ठाण्यापाशी धुनी पेटवली आणि चार महिन्यांत गावच्या ग्रामदेवतेचे मुखत्यार होऊन बसले. मातेला भूक कधी लागते, राग कधी येतो, शिरा साजूक तुपातला लागतो की डालड्यातला चालतो, हे सगळं बाबांना आधी कळायचं. साजूक तुपातलाच लागायचा.

बाबांनी चिमटा आपटला. "माता रूठ गयी है," ते म्हणाले. "चमडा तो मुर्दा है, बच्चा. उस में जान माता डालती है. जिस हाथ पे माता नाराज, उस हाथ में चमडा फिर मुर्दा."

त्यांनी कोकिळेच्या हातातून खंजिरी काढून घेतली. मंचाला लागून असलेल्या धुनीवर धरली, गोल फिरवली, बराच वेळ तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले आणि ती बंडूजींच्या हातात दिली. बंडूजी म्हणजे पुरुष मंडळाचे म्होरके, सरळ मनाचा माणूस. त्यांनी भीत भीत बोट टेकवलं आणि खंजिरी टणकारली. सगळ्या रेतीतून मातामायचा जयजयकार उठला. एका टाकलेल्या बाईच्या स्पर्शाने चौघींच्या वाद्यांचा प्राण गेला आणि बाबांनी तो परत आणला, हे तीन हजार डोळ्यांनी पाहिलं होतं. कोकिळा आपली खंजिरी परत घेऊन मंचावरून उतरली तेव्हा बायकांनी पदर आवरून तिला वाट दिली.

दुसऱ्या दिवशी बालवाडीत दोनच पोरं आली. तीही जुळी, आणि त्यांची माय आजारी होती म्हणून. बाकीच्या घरांतून निरोपही आला नाही. बालवाडीची खोली मेळ्याचे अध्यक्ष लक्ष्मणराव पाटलांच्या वाडग्यात, म्हणजे गुरांच्या आवारात होती. दुपारी ते स्वतः आले आणि दारातूनच बोलले. लोक ऐकत नाहीत, आपलाही नाइलाज आहे, पण बाबा दयाळू आहेत. तिसऱ्या सांजेला, दंडारीआधी, सगळ्यांसमोर बाबांच्या पायावर डोकं ठेवायचं, खंजिरी नदीत सोडायची आणि पुन्हा वाद्याला हात लावणार नाही असं बोलायचं. एवढं केलं तर पोरं परत येतील. नाही केलं तर खोलीची किल्ली आणून द्यायची.

घरी देवकाबाई, तिची आई, चुलीपुढे बसून होत्या. त्यांनी सगळं ऐकलं आणि खंजिरी टाकून दे म्हणाल्या. गाण्यापायी कोणी उपाशी राहतं का? बालवाडी गेली तर दोघींनी शेतात निंदणाला जायचं, आणि लोक निंदणाला तरी बोलावतील का?

"टाकून काऊन देऊ?" कोकिळा म्हणाली. "म्या काय केलं?"

कोकिळेने संतापाच्या भरात खुंटीवरची खंजिरी खाली ओढली, फेकायलाच, आणि कातड्यावर तिचा हात आपटला.

खंजिरी खणखणीत वाजली.

तोच हात, तीच टाकलेली, आणि कातडं जिवंत. कोकिळेने पुन्हा वाजवली, डाव्या हाताने, उजव्या हाताने, नुसत्या बोटाने. मातेचा राग एका रात्रीत उतरला म्हणावं तर लक्ष्मणरावांना कोणी तसं कळवलेलं दिसत नव्हतं.

मग ती खंजिरी उजेडात घेऊन गेली. कातड्यावर लालसर डाग पडले होते, कडेला गडद आणि मध्ये फिके. असा रंग तिने कुठे पाहिला होता, ते आठवायला वेळ लागला नाही. मेळ्याच्या पहिल्या दिवशी दुपारी बाबांनी नवा विधी काढला होता. सगळी वाद्यं मातामायपुढे मांडायची आणि मातेला न्हाऊ घातल्यावर तिचं लाल वस्त्र तसंच त्यांच्यावर पांघरायचं. सांज होईपर्यंत वाद्यं त्याखाली होती. नंतर पुरुषांची वाद्यं बाबांनी एकेक करून धुनीवर ओवाळली. बायकांची ओवाळायची नाहीत, धुनीला बाईचं काही चालत नाही, असं सांगून ती तशीच चौघींच्या हातात ठेवली. त्या वस्त्रातून पाणी ठिबकत होतं. कोकिळेला पक्कं आठवत होतं, कारण खाली ओंजळ धरून तिने स्वतः ते तीर्थ म्हणून प्यायलं होतं.

तिला हसू आलं आणि स्वतःचा रागही आला. श्रावणातल्या भजनाला खंजिरी सर्दावते, मग ती चुलीजवळ शेकावी लागते, हे या गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. शिमग्याला डफ होळीवर शेकल्याशिवाय कोणी हातात घेत नाही. बंडूजींचा तर जन्म त्यात गेला. पण चैत्राच्या कोरड्या उन्हात ओल कुठून येणार? आणि ओल आली ती तीर्थाची. तीर्थाने कातडं भिजतं, ही गोष्टच कोणाच्या डोक्यात आली नाही. पाणी देवीच्या अंगावरून उतरलं की ते पाणी राहत नाही, असं सगळे धरून चालले होते, आणि बाबांचं सगळं दुकान त्या एका समजुतीवर उभं होतं.

तिने धुण्यातलं ओलं पातळ पिळून खंजिरीवर टाकलं. आईच्या भाकरी होईपर्यंत थांबली. मग वाजवून पाहिली तर थप्प. चुलीच्या आचेवर धरली, बेताने फिरवली, पुन्हा टणकारली. देवकाबाईंनी भाकरी तव्यावरच जाळली.

"आता कोणाले सांगशीन?" त्यांनी विचारलं.

"सगळ्यायले," कोकिळा म्हणाली.

तिसऱ्या सांजेला गर्दी पहिल्या दिवसापेक्षा दाट होती. टाकलेली माफी मागणार, हे दंडारीपेक्षा मोठं आकर्षण झालं होतं. बाबा मंचाच्या कडेला व्याघ्रचर्मावर पाय पुढे करून तयारच बसले होते. कोकिळा खंजिरी घेऊन चढली, लोकांना हात जोडले, पण बाबांकडे वळली नाही. तिने बंडूजींना हाक मारली. त्यांची खंजिरी मागितली, आणि एक ओला कपडा. त्यांची खंजिरी या कपड्याखाली सगळ्यांच्या डोळ्यांसमोर राहू द्यावी, दंडारीचं पहिलं सोंग झालं की ती त्यांनीच वाजवावी, आणि वाजली तर आपण नदीत खंजिरीच काय, स्वतःलाही सोडू, असं ती म्हणाली.

लक्ष्मणराव तिला उतरवायला पुढे झाले. बाबांनी मात्र चिमट्याने त्यांना थांबवलं. तीन हजार डोळ्यांपुढे एका बाईला हसून घालवणं सोपं, घाबरून घालवणं अवघड, एवढा हिशेब त्यांना येत होता.

"अरे, करने दो," ते मोठ्याने हसत म्हणाले. "साधे पानी से क्या होता है? पानी तो भैंस पे भी गिरता है."

लोकही हसले. खरी अडचण पुढे होती. कपडा कोणी देईना. टाकलेलीच्या हातात आपला धडपा द्यायला त्या अख्ख्या रेतीत एकही बाई उठली नाही. कोकिळा मंचावर हात पसरून उभी होती. एवढ्यात मागून देवकाबाई उठल्या. खांद्यावरचं दुपटं काढलं, गर्दीतून वाट काढत सरळ नदीपर्यंत गेल्या, ते पाण्यात बुचकळलं आणि तसंच निथळत आणून बंडूजींच्या खंजिरीवर ठेवलं. परत जागेवर जाऊन बसल्या नाहीत. लेकीच्या शेजारी उभ्या राहिल्या.

पहिलं सोंग गणपतीचं होतं. त्या दिवशी गणपतीकडे कोणाचं लक्ष नव्हतं. सगळे त्या दुपट्याकडे बघत होते. सोंग आटोपलं. कोकिळेने दुपटं उचललं आणि बंडूजींनी, मातेच्या लाडक्या भक्ताने, सत्तावीस वर्षं वाजवलेली आपली खंजिरी हातात घेऊन थाप मारली.

थप्प.

त्यांनी पुन्हा मारली. त्यांचा चेहरा उतरला, आणि मग हळूहळू वेगळाच झाला. त्यांनी कातड्यावरून अंगठा फिरवला, तो नाकाशी नेला आणि मान खाली घातली.

"सर्दावली हाय," ते म्हणाले. "बाप्पा, मले समजाले पायजे होतं."

कोकिळेने ती खंजिरी घेतली. बाबांच्या धुनीकडे गेलीच नाही. मेळ्यात जामच्या फाट्यावरून आलेला चहावाला होता, त्याच्या शेगडीवर ती धरली. चहाचं भगोणं त्याने स्वतःहून बाजूला केलं. ती खंजिरी शेकत होती आणि माणसं भोवती गोळा होत होती. मग तिने थाप मारली आणि आवाज पार पलीकडच्या काठापर्यंत गेला.

चिमटेबाबा उभे राहिले. ही करणी आहे, बाई चेटकीण आहे, असं ओरडू लागले. पहिल्या दिवशी जो शब्द ऐकून लोक मागे सरले असते, त्याच शब्दाला आता कोणीतरी मागून शिट्टी मारली. कोकिळा पुन्हा मंचावर चढली.

"बाबाजी म्हणते, साध्या पाण्यानं काय होते," ती म्हणाली. "हे होते. मले चेटूक येत नाई. नदी तिथं हाय, शेगडी इथं हाय, खंजिऱ्या ह्या पडल्या. ज्याले वाटते त्यानं भिजवून पाहा, शेकून पाहा. हात कोणाचा हाय हे कातड्याले समजत नाई. कोणाले नवऱ्यानं टाकलं, कोण पाटील हाय, त्याले काईच समजत नाई. त्याले ओल समजते आणि आच समजते. मातामाय तुमची हाय तशी माही बी हाय. तिनं माह्यावर राग धरला नाई. राग ह्या माणसानं धरला, आणि तुमी त्याले इचारलं नाई."

कोणी जयजयकार केला नाही. माणसं सांगितलं ते करत होती. एकाने खंजिरी भिजवली, दुसऱ्याने शेकली, पोरांनी तर रांगच लावली. बंडूजी मंचावर बसले, तिच्या मागे, साथीला. कोकिळेने अडलेलं भजन पहिल्यापासून म्हटलं आणि ते संपेपर्यंत कोणी उठलं नाही. निघून गेले ते फक्त चिमटेबाबा. चिमटा तेवढा धुनीजवळ विसरला. पुढे कळलं की महाराज पूर्वाश्रमी एका बँड पार्टीत ताशा वाजवायचे. ताशा शेकण्याची विद्या हाताशी होती. उरलेलं सगळं लोकांनीच पुरवलं.

लक्ष्मणरावांनी माफी वगैरे मागितली नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी खोलीला नवं कुलूप घातलं. कोकिळेने त्याची किल्ली मागितलीही नाही. तिने घरची सतरंजी उचलली आणि नदीवरच्या कडुलिंबाखाली बालवाडी भरवली. पहिली पोरं आली ती एकेकटी, मग बहिणीभावांचे हात धरून, मग आयाच आणून सोडू लागल्या. काही आया नजर चुकवत होत्या. एकीने विचारलं, खंजिरी शिकायला वय किती लागतं. कोकिळेने तिला बसवून घेतलं.

ही गोष्ट इथल्या नदीकाठची आहे, पण असे बाबा प्रत्येक फाट्यावर उतरतात. कोणाचा नारळ पेट घेतो, कोणाची मूर्ती घाम गाळते, आणि दर वेळी चमत्काराच्या शेवटी गावातलं एखादं दुबळं माणूस दोषी ठरतं. पुढच्या खेपेला तुमच्यासमोर असं काही घडलं तर हात जोडायला कोणाची ना नाही. फक्त जोडण्याआधी तो हात कातड्यावर ठेवून बघा, ओलं तर नाही ना.