झोपाळू बांधाच्या सोळा फळ्या

मित्रांनो, मी एक जुना मातीचा बांध आहे. हॉलंडच्या झीलंड प्रांतातलं एक सखल गाव पाठीशी घेऊन मी पडून आहे. सांगतो ती गोष्ट १९५३ सालची, फेब्रुवारीतल्या पहिल्या रविवारची.

आमच्याकडे बांधांना तीन नावं आहेत. समुद्राच्या तोंडावर उभा असतो तो जागल्या. तो फुटलाच तर असावा म्हणून त्याच्या मागे झोपाळू. आणि त्याच्याही मागे, ज्याच्यावर पाळी बहुधा येतच नाही, तो स्वप्नाळू. मी झोपाळू.

जन्मापासून मी असा नव्हतो. माणसांनी चिकणमातीच्या पाट्या वाहून मला रचलं, तेव्हा मीच जागल्या होतो. दीडशे वर्षं लाटा मी अंगावर घेतल्या. मग लोकांनी समुद्राला आणखी मागे रेटलं, माझ्यापुढे नवी शेतं काढली आणि नवा जागल्या बांधला. माझ्या अंगावर मेंढ्या चरू लागल्या. शेतांकडे जायला वाट हवी म्हणून माझ्या पोटातून एक खिंड पाडली. खिंडीच्या दोन्ही बाजूंना दगडी खांब आणि खांबांना खाचा होत्या. पाणी आलं तर खाचांत फळ्या सरकवायच्या, आठ पुढे, आठ मागे, आणि मध्ये शेणमाती ठासायची. ओकच्या सोळा फळ्या, प्रत्येकीवर आकडा कोरलेला. दर ऑक्टोबरात गाव जमायचं आणि फळ्या बसवून बघायचं. मग कॉफी प्यायची, फळ्या कोठीत ठेवायच्या. राखणदार यानिस फळ्या लावायचा आणि त्याची बायको पीटरनेला मोठ्यानं आकडे पुकारायची. ते ऐकताना मला अजून तरुण असल्यासारखं वाटायचं.

महायुद्धात सैनिकांनी चर्चमधली बाकं जाळून शेक घेतला. युद्ध संपलं, त्याच वर्षी यानिस वारला. लाकूड कुठे मिळेना. तेव्हा चर्चचा कारभारी क्राइन यानं माझ्या फळ्या नेल्या आणि त्यांना पाय ठोकून बाकं केली. "झोपाळूला काय करायच्यात?" तो म्हणाला. कुणी हरकत घेतली नाही. ऑक्टोबरातलं जमणंही बंद पडलं.

त्या शनिवारी रात्री वादळात जागल्या फुटला. पुढच्या शेतांवरची माणसं, गाई, एक भिजलेला कुत्रा, सगळे माझ्या माथ्यावर चढून आले. पाणी खिंडीच्या उंबऱ्याशी पोचलं आणि ओहोटी लागली म्हणून थबकलं. दुपारी चारला पुन्हा भरती होती, आणि तिला अडवायला आता जागल्या नव्हता. माझ्या मागे नव्वद घरं होती. मी ठरवलं, हटायचं नाही. पण पोटातली खिंड मी एकटा कशी मिटवणार?

सकाळी गाव चर्चमध्ये जमलं होतं. चर्च माझ्या पायथ्याशीच, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. पीटरनेला भिजलेल्या लाकडी बुटांनिशी खाडखाड आत शिरली.

"उठा सगळे! बाकं रिकामी करा!"

क्राइन लगबगीनं पुढे आला. "पीटरनेलाकाकू, रविवार आहे. प्रार्थना चाललीय."

"बसला होतास कशावर, क्राइन?"

क्राइननं मागे वळून बाकाकडे पाहिलं.

"माझ्या यानिसच्या फळ्यांवर! न विचारता देवाच्या घरात आणल्यास, आता त्याच्याच डोळ्यांदेखत उपट."

"रविवारी, देवानं नेमलेल्या विश्रांतीच्या दिवशी, हातोडा मारू? आणि सगळ्यांसमोर माझी अब्रू..."

"तुझी अब्रू मागाहून वाळत घालू. आधी माणसं कोरडी राहू देत."

क्राइननं आपला रविवारचा काळा कोट काढून घडी केला. बाकाचा पहिला पाय त्यानंच उखडला.

फळ्या खिंडीपाशी आल्या. पीटरनेला मोजू लागली. "पंधराच? नऊ नंबर कुठंय? मागच्या रांगेची तळाची फळी आहे ती, तिच्यावाचून वरची एकही बसायची नाही!"

सगळे एकमेकांकडे बघू लागले. मग धर्मगुरू हळूच म्हणाले, "माझ्या पायाखाली असेल. मी बुटका ना, क्राइननं व्यासपीठावर पायरी करून दिली होती."

खाचांत आठ वर्षांची माती घट्ट बसली होती. पीटरनेलानं ती पाव कापायच्या सुरीनं कोरून काढली. साडेतीनला शेवटची फळी बसली. बायकांनी गोठ्यांतलं शेण टोपल्यांनी आणून मध्ये ठासलं. चारला पाणी आलं. पाचवी फळी बुडाली, सहावी, सातवी. माझ्या अंगातलं प्रत्येक जुनं ढेकूळ मी आवळून धरलं. आठव्या फळीची चार बोटं कोरडी राहिली, आणि पाणी थांबलं.

पुढे जागल्या नव्यानं बांधला, आधीपेक्षा उंच. पीटरनेला त्यानंतर एकोणीस वर्षं दर ऑक्टोबरात आकडे पुकारत होती, शेवटची दोन वर्षं खुर्चीत बसून. धर्मगुरू व्यासपीठाच्या कठड्यावरून जेमतेम दिसत, पण त्यांनी दुसरी पायरी करू दिली नाही. आणि क्राइन? चर्चमध्ये नवी बाकं आली, तरी तो मरेपर्यंत दर रविवारी मागच्या भिंतीशी उभाच राहिला. बस म्हटलं की म्हणायचा, "मी खूप बसलोय."

मित्रांनो, मी पुन्हा झोपाळू झालोय, मेंढ्याही परत आल्यात. माझी तक्रार नाही. तुमच्याही मागे असा कुणी बिनकामाचा पडून असेल. त्याला खुशाल झोपू द्या. फक्त वर्षातून एकदा त्याच्या फळ्या मोजा, आणि मोठ्यानं मोजा. आम्हाला ते ऐकायला आवडतं.