दाब, धर, सोड

तिने पान्याच्या दांड्यात लोखंडी नळी अडकवली, नळीवर दोन्ही पाय ठेवून उभी राहिली आणि बॉनेटचा आधार घेत अंगाचा सगळा भार खाली टाकला. चाकाचा नट जागचा हलला नाही. मग तिने गुडघ्यातून एक हिसका दिला. कडकन आवाज झाला. पाना मोडला असं तिला वाटलं, पण मोडलं काही नव्हतं. नट सुटला होता.

“सुटला एकदाचा,” ती म्हणाली.

अंगणात ऐकायला कोणी नव्हतं. खिडकीच्या गजांपलीकडे नवरा खुर्चीत बसला होता. सकाळी तिनेच त्याला उशीचा टेकू देऊन तिथे बसवलं होतं. तो गाडीकडे बघतोय, की गजांकडे, की कशाकडेच नाही, हे तिला सांगता आलं नसतं.

पिकअप त्याची. गोदामापासून बांधकामापर्यंत सगळे त्याला उस्ताद म्हणत. उभं आयुष्य त्याने फरश्या वाहिल्या आणि गाडीला परक्या माणसाचा हात लागू दिला नाही. बायकोचा पाय मात्र लागायचा. ब्रेकमधली हवा काढायला दोघं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. तो गाडीखालून ओरडायचा, “दाब! धर! सोड!” आणि ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून दाबायची, धरायची, सोडायची. मधूनच एखादी शिवी यायची, ती नटाला असायची. कुठला नट छळतो, कुठला पाइप गळतो, हे सगळं ती त्या शिव्यांवरून शिकली.

मग एका सकाळी दात घासता घासता तो मोरीत कोसळला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. कळतं किती ते सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. तिने गाडी चालवायला घेतली, आणि सुरुवातीला घरी आल्यावर ती त्याच्याशी खूप बोलायची. आज कुठे माल टाकला, गोदामवाला काय म्हणाला, बाईमाणूस पिकअप चालवतंय म्हणून कोणकोण वळून बघत होतं. तो छताच्या पंख्याकडे बघत राहायचा. त्याचा चांगला हात ती हातात घेऊन दाबायची, पण तिचा हात उलट कधी दाबला गेला नाही. हळूहळू तिचं बोलणं कामापुरतं उरलं. तोंड उघडा. कुशीवर व्हा. पुढे तेही गेलं. ती चमचा पुढे करायची, तो तोंड उघडायचा. परगावची मुलगी फोनवर विचारायची, “बाबा कसे आहेत?” ती म्हणायची, “तसेच.” एकदा दुकानात साबण मागायला गेली तर घशातून आवाजच फुटेना. सकाळपासून आपण कोणाशी एक शब्द बोललेलो नाही, हे तेव्हा तिच्या ध्यानात आलं.

ब्रेकचं काम निघालं ते उड्डाणपुलाच्या उतारावर. मागे फरश्यांचा पुरता भार, समोर लाल सिग्नल, आणि पायाखाली पेडल लोण्यासारखं मऊ. रस्ता ओलांडणारी माणसं जागच्या जागी थांबून तिच्याकडे बघत होती. गिअर खाली टाकत, हँडब्रेक ओढत कशीबशी गाडी थांबली, तेव्हा बॉनेटच्या अगदी पुढे एक म्हातारा हातातली पिशवी छातीशी कवटाळून उभा होता. त्याने शिवी हासडली असती तरी तिला बरं वाटलं असतं. तो तसाच निघून गेला. घरी येऊन ती नवऱ्यासमोर बसली आणि तिने त्याला सगळं सांगितलं. तो पंख्याकडे बघत होता.

“नुसते पॅड बदलून भागणार नाही,” स्पेअर पार्टवाला म्हणाला होता. “एवढा लोड वाहता तर डिस्कच मोठी टाका. कॅलिपर दोन पिस्टनचं घ्या, पाइपही नवे घ्या. बसवणार कोण?”

“मी.”

त्याने चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. “मग हातमोजेपण न्या,” म्हणाला.

गाडीचं पुढचं अंग तिने जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवलं, दोन्ही हातांनी ढकलून बघितलं, पुन्हा एकदा ढकललं, आणि मगच चाकं काढली. चाकामागची जुनी डिस्क, ब्रेक लागला की पॅड जिला दोन्हीकडून धरतात ती तबकडी, तापून तापून निळसर पडली होती. पॅड तर बोटाच्या नखाइतके पातळ उरले होते. डिस्क गंजाने चाकाच्या हबला अशी चिकटली होती की हातोडीने सगळीकडून ठोकत बसावं लागलं. ठोकताना तिच्या तोंडून नवऱ्याची एक शिवी जशीच्या तशी निघाली आणि तिने चटकन खिडकीकडे बघितलं. तिथे काही हललं नाही.

तारेच्या ब्रशने हब घासून तिने नवी डिस्क चढवली. मोठी, जड, आरशासारखी. तेलकट हात लागू नये म्हणून ती कडेने धरली होती. डिस्कला चिमट्यासारखं धरणारं कॅलिपर बसलं, त्यात पॅड बसले, पाइप जोडले. दुसऱ्या बाजूलाही तेच. दुपार टळून गेली होती. तिने ब्रेकच्या डब्यात ऑइल भरलं, आत बसून पेडल दाबलं, आणि ते थेट तळाला टेकलं. पाइपांत हवा होती.

ती खाली उतरली. एवढं सगळं एकटीने केलं, आणि आता अडलं ते एका पायावर.

शेजारी शिंपीकाकांचं दुकान होतं. ती दारात जाऊन उभी राहिली.

“काका, तुमचा पाय हवा होता जरा.”

“पाय?”

“पेडल दाबायला. मी सांगेन तेव्हा दाबायचं, धरायचं, सोडायचं.”

काकांनी मशीनकडे बोट केलं. “वहिनी, माझ्या पायाला याची सवय. तुम्ही धर म्हणाल आणि तो आपला चालतच राहील.” ते उठून अंगणात आले, गाडीभोवती एक चक्कर मारली, मग खिडकीकडे बघत म्हणाले, “आणि घरात उस्ताद असताना शिंप्याला कशाला बसवता?”

तिला वाटलं, काका थट्टा करतायत. पण ते हसत नव्हते.

“त्यांना काही कळत नाही हो काका.”

“पायाला कळत असेल. डावा चांगला आहे ना?”

काकांनी त्याला काखेतून धरलं, तिने पाय धरले, आणि दोघांनी धापा टाकत त्याला सीटवर चढवलं. तिने पट्टा लावला, उजवीकडे उशी खोचली, डावा पाय उचलून पेडलवर ठेवला. काका कपाळ पुसत दुकानात परतले. गिऱ्हाईक खोळंबलं होतं.

ती डावीकडच्या चाकापाशी उकिडवी बसली. कॅलिपरच्या निपलला, हवा काढायच्या तोंडाला, पारदर्शक नळी लावली, नळीचं दुसरं टोक बाटलीत सोडलं, पाना चढवून निपल सैल केलं. इथून तो दिसत नव्हता.

“दाबा,” ती म्हणाली.

काही झालं नाही.

“अहो, दाबा.”

अंगणाबाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली. ती वाट बघत राहिली. उन्हात बसून बसून मांड्यांना रग लागली होती, घाम डोळ्यांत उतरत होता. स्वतःचाच तिला राग आला. कशाला कोणाच्या नादी लागून आपण त्या माणसाला खुर्चीतून ओढून बाहेर आणलं?

“दाब की!” ती ओरडली.

नळीतून फसकन बुडबुडे आले आणि मागोमाग तेल.

तिचा हात पान्यावर तसाच राहिला. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याला कधी अरेतुरे केलं नव्हतं. मग घसा साफ करून ती अगदी त्याच्याच आवाजात म्हणाली,

“धर.”

तिने निपल आवळलं.

“सोड.”

आत पेडल वर आल्याचा बारीक आवाज झाला. तिने निपल पुन्हा सैल केलं.

“दाब.”

तेल आलं. बुडबुडे आले. दाब, धर, सोड. एकदाही त्याने घाई केली नाही, एकदाही चुकला नाही. तिने पुरेसं थांबून बघितलं, मुद्दाम उशीर केला, तरी ‘सोड’ ऐकल्याशिवाय पाय सुटला नाही. मध्ये उठून तिने डब्यात तेल भरलं तेव्हा काचेतून त्याचा चेहरा दिसला. रोजचाच होता. नजर समोरच्या भिंतीवर. तिने झाकण लावलं आणि खाली बसून घेतलं.

उजवीकडचं चाकही झालं. नळीत आता नुसतं स्वच्छ तेल येत होतं, एकही बुडबुडा नाही. तिने निपल घट्ट केलं, नळी काढली, सांडलेलं पुसलं. पॅड कुठे घासत नाहीत ना, हे बघायला ती डिस्क हाताने हळूहळू फिरवू लागली. डिस्क गुळगुळीत फिरत होती.

“छान बसलीये,” ती म्हणाली. मग फिरवतच राहिली. समोर चेहरा नव्हता म्हणून की काय, बोलायला जड जात नव्हतं. “पाइप जरा आखूड वाटला होता मला. पण पोचला. काका बघ, पळाले लगेच. मी म्हटलं त्यांना, काही कळत नाही म्हणून. तसं म्हणायला नको होतं.” तिने बोटाला लागलेलं तेल फडक्याला पुसलं आणि पुन्हा डिस्कला हात लावला. “आता उद्यापासून मी परत जाईन कामावर. तू दिवसभर त्या खिडकीत एकटाच...”

डिस्क तिच्या हातात थांबली.

तिने जोर लावून बघितला. डिस्क तसूभरही हलली नाही. आत पेडल दाबलेलं होतं, दोन्ही पॅड डिस्कला दोन्हीकडून घट्ट धरून होते.

‘सोड’ म्हणायचं तिला सुचलं नाही. उठून आत डोकावावं, असं एकदा वाटलं. पण चेहरा मघासारखाच असला तर काय करायचं, हे तिला ठाऊक नव्हतं. ती थंडगार लोखंडावर तळवा ठेवून बसून राहिली. पलीकडे शिलाई मशीन चालू झालं, थांबलं, पुन्हा चालू झालं. बऱ्याच वेळाने पॅड सैल झाले आणि तिच्या हाताखाली डिस्क आपोआप जराशी फिरली.

चाकं चढवून, गाडी घोड्यांवरून उतरवून तिने काकांना हाक मारली, तेव्हा सावल्या लांबल्या होत्या.

“जमलं का उस्तादांना?” काकांनी विचारलं.

“तेच तर सांगायचं होतं तुम्हाला,” ती म्हणाली. “जमलं.”

काका खुर्ची आणायला निघाले.

“खुर्ची नको काका. पलीकडच्या सीटवर बसवू या.”

काकांनी तिच्याकडे बघितलं आणि ते दार उघडायला गेले. दोघांनी मिळून त्याला पलीकडच्या दाराने बसवलं. तिने त्याचा पट्टा लावला, शर्टाची कॉलर सारखी केली, तोंडाच्या कडेला आलेली लाळ पदराने टिपली.

“नवे पॅड बसायला गाडी जरा फिरवावी लागते,” ती काकांना म्हणाली. “कोपऱ्यापर्यंत जाऊन येतो.”

फाटकाबाहेर आल्यावर तिने हलकेच ब्रेक लावून बघितला. गाडी जागच्या जागी थांबली, दोघंही किंचित पुढे झुकले. तिने पुन्हा गिअर टाकला. गल्लीत पोरं खेळत होती, एका दारात कोणीतरी सतरंजी झटकत होतं. तो समोर काचेतून बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

पुढे डावीकडून एक हातगाडी रस्त्यात आली. तिचा पाय ब्रेककडे जातो न जातो तोच तिला बाजूला हालचाल जाणवली. त्याच्या डाव्या पायाने समोरची रबरी चटई दाबून धरली होती. बोटं वाकेपर्यंत.

“दिसतेय मला,” ती म्हणाली. “आहे माझं लक्ष.”

हातगाडी निघून गेली. त्याने पाय उचलला नाही.

“सोड आता,” ती म्हणाली, आणि तिला हसू आलं.

कोपरा आला. तिथून वळून परत यायचं होतं. तिने एकदा आरशात मागची गल्ली बघितली, वळण्यासाठी हात इंडिकेटरच्या दांडीवर ठेवला, मग काढून घेतला, आणि गाडी सरळ मोठ्या रस्त्याला घातली.