पायरीवरची हॅना

२०१७ साली रिटायर्ड डॉक्टर परचुऱ्यांनी इथे कॅनडात, विंडसरबाहेर फार्महाऊस घेतलं आणि वास्तुशांतीला आम्हालाही बोलावलं. त्यांच्याकडे सोवळं कडक, त्यामुळे सगळ्यांचे बूट दाराबाहेर. निघताना मी माझे बूट उचलले, तर खालच्या पायरीवर इंग्रजी अक्षरं दिसली: 'हॅना. केंटकीत गुलाम म्हणून जन्मली, इथे स्वतंत्र म्हणून गेली. १८६१.'

आम्ही वसईचे ख्रिस्ती, दर नोव्हेंबरात कबरी धुऊन मेणबत्त्या लावणारे. मी बूट हातात तसेच धरून ओरडले.

"डॉक्टर, हा कबरीचा दगड आहे!"

"ठाऊक आहे, युनिस," ते हसत म्हणाले. "मागे अमेरिकेतून पळून आलेल्या काळ्या गुलामांची जुनी दफनभूमी होती. आधीच्या गोऱ्या शेतकऱ्याने ती नांगरली आणि दगड रचून ठेवले. आयते मिळाले. आता कोण विचारणार आहे!"

वर्तमानपत्राला पाय लागला तरी नमस्कार करणारा हा माणूस! म्हणे हार्ट स्पेशालिस्ट.

तेवढ्यात त्यांची बायको बाहेर धावत आली. वाटलं, हिला तरी लाज असेल.

"कबरीचा? आणि मला आत्ता सांगताय?" हॅनाच्या नावावर उभी राहून ती नवऱ्यावर कडाडली. "गुरुजींना थांबवा आधी! घर परत शुद्ध करून घ्यायला हवं."